माशाच्या अंगावरची बुळबुळ: तिथे कोणकोण राबतं?

खाडीकाठची

मागच्या आठवड्यात पाककृतींच्या धाग्यावर वाम साफ करताना राख चोळावी की जाडं मीठ, यावर चांगलीच जुंपली होती. तिथे एकीनं लिहिलं, 'काहीही चोळा, पण ती घाण एकदाची गेली पाहिजे.' तेव्हापासून हात शिवशिवताहेत. माझं काम माशांच्या रोगप्रतिकारशक्तीवर आहे, म्हणून त्या 'घाणी'ची बाजू मांडते. कढईत जाण्याआधी ती काढायचीच, त्याबद्दल वाद नाही. मी जिवंत माशाबद्दल बोलतेय.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, कोरड्या पेशींचा असतो. माशाचं तसं नसतं. त्याच्या बाह्यत्वचेतली अगदी वरची पेशीसुद्धा जिवंत असते. आणि खवले त्या त्वचेच्या वर नसतात, खाली असतात. म्हणजे आपण ज्याला चिलखत समजतो त्याच्याही बाहेर एक नाजूक, ओली, जिवंत कातडी असते आणि ती थेट पाण्याला भिडलेली असते. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. असल्या पाण्यात जन्म काढायचा तर सीमेवर काहीतरी हवंच. ते काहीतरी म्हणजे ही बुळबुळ, पुस्तकी भाषेत श्लेष्म.

त्वचेतल्या गॉब्लेट पेशी म्युसिन नावाची साखर चिकटलेली लांबलचक प्रथिनं बाहेर सोडतात, ती पाणी शोषून फुगतात आणि त्यांची जेलीसारखी जाळी बनते. ही जाळी सतत आतून तयार होते आणि बाहेरून धुपते. तिला चिकटलेले जंतू कातडीपर्यंत पोचायच्या आत तिच्यासकट वाहून जातात. पण नुसती जाळी असती तर हा धागा काढला नसता. तिच्यात जी प्रथिनं अडकवलेली आहेत ती खरी गंमत.

लायसोझाइम घ्या. ते जिवाणूंची भिंत कापतं. अलेक्झांडर फ्लेमिंगनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली हेच शोधून काढलं होतं, तेही सर्दीच्या शेंबडात. म्हणजे शेंबूड आणि माशाची बुळबुळ हे जवळचे नातेवाईक आहेत. जेवताना वाचणाऱ्यांची माफी. ट्रान्सफरिन लोह धरून ठेवतं, लोह नाही मिळालं तर जिवाणूंची वाढ खुंटते. जंतूंना चिकटून त्यांना मारायला मदत करणारी पूरक प्रथिनं असतात, प्रथिनं कापणारी विकरं (एन्झाइम) असतात, ठरावीक जंतूला ओळखून धरणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असतात.

माझं सगळ्यात आवडतं प्रकरण मात्र पॅरासिनचं. आपल्या पेशींत डीएनए ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो त्यांना हिस्टोन म्हणतात. पेशीच्या केंद्रात बसून धागे सांभाळायचे, एवढंच त्यांचं काम असा समज होता. १९९८ साली कोरियातल्या संशोधकांनी आमूर कॅटफिशच्या कातडीला जखम केली आणि बुळबुळीत काय बदलतं ते पाहिलं. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी; तिथे अशा १९ मण्यांचा एक छोटा तुकडा सापडला, जिवाणू आणि बुरशी दोन्हींना मारणारा. तो तुकडा एच२ए या हिस्टोनचाच निघाला. पुढे कळलं की जखम झाली की कॅथेप्सिन डी हे विकर जागं होतं आणि एच२एचं एक टोक कापून काढतं. ते टोक म्हणजे पॅरासिन. कातडी धड असेतो हत्यार नाही, फाटली की लगेच हत्यार.

त्याच्या वर्षभर आधी, १९९७ मध्ये, उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या विंटर फ्लाउंडरच्या बुळबुळीतून प्लूरोसिडिन मिळालं होतं, २५ अमिनो आम्लांचं. फ्लाउंडर म्हणजे आपल्या लेपाच्या लांबच्या नात्यातला चपटा मासा, तळाच्या चिखलात अंग पुरून पडून राहणारा. अशा जागी राहायचं तर अंगावर औषध हवंच.

प्रथिनांच्या अशा छोट्या तुकड्यांना पेप्टाइडं म्हणतात. ही पेप्टाइडं मारतात कशी? त्यांच्यावर धन विद्युतभार असतो. जिवाणूच्या पटलाचा, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचा, बाहेरचा भाग ऋण भाराचा, त्यामुळे ती तिकडे ओढली जातात आणि पटलात घुसून त्याला भोकं पाडतात किंवा त्याची घडी विस्कटतात. काही आत शिरून डीएनएलाही चिकटतात. प्राण्यांच्या पेशींची बाहेरची बाजू बरीचशी उदासीन, शिवाय त्यात कोलेस्टेरॉल, म्हणून माशाच्या स्वतःच्या पेशी सहसा वाचतात. सहसा.

बाकी प्रतिसादांत.

खवचट_काका

म्हणजे आमच्या हिनं आजवर राख चोळून अख्ख्या सैन्याची कत्तल केली म्हणायची. (हलके घ्या.)

धागा आवडला. 'सहसा' हा शब्द एकटाच सोडून दिलात तो मुद्दाम का?

खाडीकाठची

काका, पकडलंत. तांबड्या समुद्रात मोझेस सोल नावाचा चपटा मासा आहे. त्याच्या परांच्या बुडाशी ग्रंथी असतात आणि त्यातून दुधासारखा स्राव येतो. १९७० च्या दशकात युजिनी क्लार्क या संशोधिकेनं पाहिलं की शार्क त्याला तोंडात धरायला जातो आणि जबडा उघडा ठेवूनच मागे फिरतो. त्या स्रावातलं पार्डॅक्सिन हे पेप्टाइड जिवाणूही मारतं आणि तांबड्या रक्तपेशीही फोडतं. मित्र आणि शत्रू यांत ते फारसा भेद करत नाही. म्हणून 'सहसा'.

शेततळं_इंदापूर

ताई, नमस्कार. कामाचं विचारतो. आमचं शेततळं आहे, रोहू-कटला सोडलाय. थंडीत वाढ बघायला जाळं ओढलं, मासा मोजला, वजन केलं, परत सोडला. आठ-दहा दिवसांत बऱ्याच माशांच्या अंगावर कापसासारखे पांढरे पुंजके आले. काही मेले. औषधाच्या दुकानात हिरवं औषध दिलं. ते टाकू का? शेजारी म्हणतो जाळ्याला काहीतरी लागलं असणार.

खाडीकाठची

दादा, ते हिरवं औषध मॅलाकाइट ग्रीन असेल तर बाटली उघडूही नका. खाण्याच्या माशांत ते वापरायला बंदी आहे. ते माशाच्या मांसात उतरतं आणि त्यातून कर्करोगाची भीती असते.

पुंजके बहुतेक सॅप्रोलेग्नियाचे, पाण्यातली बुरशीसारखी जात. तिचे बीजाणू तळ्यात कायमच असतात, बाहेरून यावे लागत नाहीत. एरवी ते माशाला धरत नाहीत, कारण बुळबुळ त्यांना टिकू देत नाही. जाळ्यात मासे एकमेकांवर घासले, गाठींवर घासले, मग कोरड्या हातानं धरले, प्लॅस्टिकच्या कोरड्या पाटीत टाकले. जिथे जिथे थर निघाला तिथे दार उघडलं. थंडीत माशाचं सगळंच मंद चालतं, नवा थर भरून यायला वेळ लागतो. ही बुरशी मात्र थंडीतच खुश.

पुढच्या वेळी जाळं बिनगाठीचं घ्या. आदल्या दिवशी खाद्य बंद. पहाटे ओढा. हात, पाटी, वजनकाट्याची टोपली, जे जे माशाला लागणार ते आधी ओलं करा. माप घ्यायला वीस-पंचवीस मासे पुरतात, सगळे धरायची गरज नाही.

कोळीवाडा_ते_कॅनडा

खाडीकाठचीताईंना अनुमोदन. सोडण्याआधी मिठाचं पाणी द्या: दहा लिटरला दोनशे ग्रॅम साधं मीठ, त्यात काही मिनिटं. मासा कलंडायला लागला की लगेच काढायचा, घड्याळाकडे बघत बसायचं नाही. मीठ बुरशीला झोंबतं आणि माशाला जास्त बुळबुळ सोडायला लावतं. आधीच मरगळलेल्या माशावर हा प्रयोग करू नका.

मेलेले रोज वेचून काढा, आणि जमलं तर सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात नमुना दाखवा. कापूस नसून लाल व्रण असतील तर गोष्ट वेगळी.

शेततळं_इंदापूर

लाल व्रण नाहीत. पण मरळीला ते असायचे, वडील सांगायचे. उजनीला चिलापी मात्र कधी मरत नाही, काय भानगड आहे?

कोळीवाडा_ते_कॅनडा

वडील सांगायचे तो बहुतेक ईयूएस, व्रणांचा साथीचा रोग. भारतात तो १९८८ मध्ये शिरला आणि मरळीचे हाल केले. त्याचा कर्ता अफॅनोमायसीस इन्व्हाडन्स, सॅप्रोलेग्नियाचाच भाऊबंद, पण हा मांसात खोल घुसतो. तोही धडधाकट कातडीपेक्षा दुखावलेल्या कातडीवर सहज रुजतो. पावसानंतर पाणी आम्लधर्मी झालं, कातडी चुरचुरली की त्याचं फावतं. म्हणून तळ्यात चुना टाकायला सांगतात.

चिलापीला, म्हणजे तिलापियाला, हा रोग होत नाही. कॉमन कार्पही तग धरतो. हे फक्त बुळबुळीमुळे असं म्हणता येणार नाही. आत घुसलेल्या बुरशीभोवती पेशींचा वेढा किती लवकर पडतो, त्यावर बरंच ठरतं.

शंकासुर

दोन शंका.

एक, एवढी शस्त्रं असताना मासे मरतात कशाला? दोन, बुळबुळ म्हणजे साखर आणि प्रथिनं. जंतूंसाठी ही आयती मेजवानी नाही का?

खाडीकाठची

दुसऱ्या शंकेसाठी टाळ्या. फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेरी नावाचा जिवाणू आहे, कल्ले आणि कातडी सडवणारा. तो माशाच्या श्लेष्माच्या वासानं त्याच्याकडे सरकतो. प्रयोगशाळेत त्याला म्युसिन खायला घातलं तर तो अधिक जहाल होतो. म्हणजे जी भिंत म्हणून बांधली तीच या पाहुण्याला पत्ता सांगते. कार्यशाळांतून 'बुळबुळ म्हणजे कवच' एवढंच ऐकवलं जातं ते मला म्हणूनच पटत नाही. ती सीमा आहे, आणि सीमेवर देवाणघेवाण चालतेच. कित्येक निरुपद्रवी जिवाणू तिथे कायमचे राहतात आणि परक्यांना जागा देत नाहीत.

पहिल्या शंकेचं उत्तर असं की रोज नवा थर ओतायला ऊर्जा लागते. पाण्यात प्राणवायू कमी, अमोनिया जास्त, गर्दी, सतत हाताळणी, यानं माशाच्या अंगात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि थराची जाडी, त्यातली प्रथिनं, सगळंच बिघडतं. जंतू तेच असतात, पाणी तेच दिसतं आणि एका रात्रीत मरतूक सुरू होते.

जाता जाता दोन नमुने सांगते. काळ्या रॉकफिशच्या बुळबुळीत एक विकर असतं, ते अमिनो आम्लावर काम करून तिथल्या तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. जखमेवर ओतल्यावर फसफसतं तेच. आणि जपानच्या फुगू माशाच्या कातडीत पफलेक्टिन नावाचं प्रथिन सापडलं, ते त्याच्या कल्ल्यांवरच्या परजीवी कृमीला चिकटतं. त्याची रचना कुठल्या प्राण्याशी नाही, तर एकदल वनस्पतींतल्या लेक्टिनांशी, म्हणजे मॅनोज ही साखर धरणाऱ्या प्रथिनांशी, जुळते. त्याच घराण्यात लसणाचं लेक्टिनही येतं.

खवचट_काका

मासा आणि लसूण यांची सोयरीक आमच्या वाटणाच्याही आधीची आहे तर!

मासळीबाजार_दादर

अवांतर वाटेल, पण विचारते. बाजारात अंगावर चिकटा असलेला मासा घ्यावा की नाही? सासूबाई म्हणतात चिकट म्हणजे शिळा.

खाडीकाठची

सासूबाई अर्ध्या बरोबर. ताज्या माशाचा थर पारदर्शक, पातळ, वासाला समुद्रासारखा. मेल्यावर नवा थर येत नाही, शस्त्रं संपतात, उरते ती वर शंकासुरांनी म्हटलेली मेजवानी. जिवाणू तीवर वाढतात, थर दुधाळ होतो, मग पिवळट, दाट, आणि वास येतो. चिकटपणापेक्षा त्याचा रंग आणि वास बघा. कल्ले आणि डोळे बघताच, ते बघत राहा.

भाग्यनगरी_मराठी

आमच्या हैदराबादला मृगाच्या सुरुवातीला दम्यासाठी जिवंत मरळीचं पिल्लू औषध भरून गिळतात. प्रचंड रांग असते. मी बघायला गेले आहे, गिळायला नाही. त्यामागे हीच प्रथिनं असतील का? मलेशियातही ऑपरेशननंतर मरळ खायला देतात म्हणे.

रसायन_रसिक

नाही हो. पेप्टाइड पोटात गेलं की पेप्सिन त्याचे तुकडे करतं, डाळीतल्या प्रथिनाचे करतं तसेच. कातडीवर चालणारं हत्यार गिळून फुप्फुसात पोचत नाही. मलेशियातली हारुआन (तिथली मरळ) खायची पद्धत खरी आहे, पण ऑपरेशननंतर कुठलंही चांगलं प्रथिन उपयोगीच पडतं. त्यासाठी मरळीच्या बुळबुळीला श्रेय द्यायला नको.

मी औषधनिर्मितीत आहे, म्हणून थोडं पुढचं. '१९९७ ला प्लूरोसिडिन सापडलं, मग अजून गोळी का नाही' हा प्रश्न येणारच. १९८७ मध्ये मायकेल झॅस्लॉफ यांना आफ्रिकी बेडकाच्या कातडीत मॅगेनिन सापडली. जातकुळी तीच. त्यावरून पेक्सिगॅनन नावाचं मलम तयार झालं, मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्याला परवानगी नाकारली. हातात असलेल्या प्रतिजैविकांपेक्षा ते सरस ठरलं नव्हतं.

अडचणी त्याच त्याच आहेत. रक्तातली विकरं पेप्टाइड पटकन कापतात. मात्रा वाढवली तर आपल्याच पेशी दुखावतात. शरीरात जितकं मीठ असतं तितक्यात काहींचा जोर ओसरतो. बनवायला महाग. प्लूरोसिडिनचं कौतुक एवढ्यासाठी की खाऱ्या पाण्यातल्या माशाचं असल्यामुळे ते मिठाला बधत नाही. वर्तमानपत्रात दर काही महिन्यांनी 'माशाच्या चिकट द्रवात सापडलं नवं अँटिबायोटिक' अशी बातमी येते, ती वाचताना काचेच्या बशीत जंतू मेले आणि माणूस बरा झाला यात किती पायऱ्या आहेत ते मोजा.

शंकासुर

रोचक. पण जिवाणू यालाही सरावतीलच ना?

रसायन_रसिक

सरावतात, हळू. अख्ख्या पटलाची ठेवण बदलणं त्यांना महाग पडतं. तरी काही पटलाचा ऋण भार कमी करतात, काही पेप्टाइड कापणारी विकरं सोडतात. माशानं कोट्यवधी वर्षं काढली ती एका हत्यारावर नाही. लायसोझाइम, लेक्टिन, पेप्टाइड, प्रतिपिंड सगळं एकाच वेळी आणि थोडं थोडं. आपण मात्र त्यातलं एक उचलतो आणि शुद्ध करून भरपूर ओततो.

डिस्कस_वेडा

प्रतिपिंडांचा उल्लेख झाला म्हणून. माझ्या टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येऊन गेला. वाचलेल्या माशांना पुन्हा कधी झाला नाही, नव्या आणलेल्यांना मात्र झाला. हे तेच का?

खाडीकाठची

तेच. तो इक, म्हणजे इक्थिऑफ्थिरिअस, एकपेशीय परजीवी. तो बाह्यत्वचेच्या आत घर करून बसतो, म्हणून ठिपका दिसत असताना पाण्यातलं औषध त्याला लागत नाही. बाहेर पोहत असतानाच लागतं. एकदा वाचलेल्या माशाच्या कातडीत त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं तयार असतात. ती परजीवीच्या अंगावरच्या केसांसारख्या बारीक तंतूंना धरतात. चॅनेल कॅटफिशवरच्या प्रयोगांत दिसलं की घुसलेला परजीवी मरायची वाट न बघता स्वतःच मासा सोडून निघून जातो.

यात आयजीटी नावाच्या प्रतिपिंडाची कथा आहे. २००५ मध्ये ते ट्राउटमध्ये सापडलं, त्याच वर्षी झेब्राफिशमध्ये त्याचा जोडीदार, आयजीझेड. आधी आतड्यात त्याचं काम कळलं. २०१३ मध्ये दिसलं की कातडीच्या बुळबुळीतही तेच राबतं, तिथल्या बहुतेक जिवाणूंवर त्याचाच लेप असतो, आणि इक झाल्यावर ते तिथे वाढतं. आपल्या आतड्यात, लाळेत, आईच्या दुधात आयजीए नावाचं प्रतिपिंड हे काम करतं. दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी उत्क्रांत झाली, काम मात्र सारखं. माशाची कातडी आपल्या कातडीपेक्षा आपल्या आतड्यासारखी वागते, ती अशी.

बुडवून लस देण्याची पद्धतही यावरच उभी आहे. ट्राउटच्या तोंड लाल होण्याच्या रोगावरची लस अमेरिकेत १९७६ मध्ये आली. पिल्लं थोडा वेळ लसीच्या पाण्यात ठेवायची, कातडी आणि कल्ल्यांतून ती आत जाते. हजारो पिल्लांना सुई कोण टोचणार!

डिस्कस_वेडा

आईच्या दुधाचं निघालंच आहे तर माझ्या माशांबद्दल एक. डिस्कसची पिल्लं पोहायला लागली की आईबापांच्या अंगाला लागून बुळबुळच खातात. दोघंही पाजतात, बाप मागे नाही. कुर्ल्यातून आणलेल्या माझ्या जोडीनं आता अंडी घातली आहेत. मागच्या वेळी पिल्लं लवकर वेगळी केली, कृत्रिम खाद्यावर ठेवली, फार थोडी जगली. त्या बुळबुळीत फक्त अन्न असतं की संरक्षणही?

खाडीकाठची

दोन्ही. २०१० मध्ये अमेझॉनच्या डिस्कसवर झालेलं काम आहे. अंडी घातल्यावर आईबापांच्या बुळबुळीतलं प्रथिन आणि प्रतिपिंडं वाढतात, पिल्लं पीत असतात तोवर चढीच राहतात आणि तिसऱ्या आठवड्यानंतर उतरतात. त्याच सुमारास आईबाप पिल्लांपासून दूर पोहायला लागतात, म्हणजे दूध तोडतात.

तेव्हा या वेळी पहिले दोन-तीन आठवडे त्यांना हात लावू नका. तोवर टाकीत औषध ओतणं टाळा, आईबापांच्या अंगावरचं बिघडलं तर पिल्लांचं जेवण बिघडतं. दुसऱ्या आठवड्यापासून अंड्यातून ताजी फुटलेली आर्टेमिया (कोळंबीसारखा बारीक जीव) थोडी थोडी सुरू करा. आईबाप पळायला लागले आणि त्यांच्या अंगावर कुरतडल्याच्या खुणा दिसल्या की मग वेगळी करा.

डिस्कस_वेडा

बरं. जाळीऐवजी वाडग्यानं पाण्यासकट उचलेन म्हणतो.

खाडीकाठची

हो, तसंच करा.